दुपारी बंद पडणारे सॉफ्टवेअर

वास्कोतले डीटीपीचे दुकान. श्रावण लागलेला, त्यामुळे दामोदराच्या भजनी सप्ताहाची पत्रके आणि चवथीच्या आरतीपुस्तिका एकदमच हातात आलेल्या. तिथले सगळे काम पेन ड्राइव्हवरच्या पोर्टेबल लिब्रेऑफिसमध्ये (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, दस्तऐवज तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चालते, कारण दुकानात अर्धवट राहिलेली जुळणी रात्री घरच्या संगणकावर पुरी करायची असते. तक्रार अशी होती: सकाळभर काही त्रास नाही. दुपारी दुकान बंद, चारला उघडायचे, आणि पहिल्याच मेनूवर क्लिक केले की खिडकी गायब. मी पोहोचण्याआधी जुना फोल्डर पुसून नवी प्रत टाकून झाली होती. तरीही तेच, म्हणून संशय मराठी फॉन्टवर गेला होता.

फॉन्ट बिघडलेला असता तर तो सकाळीही आडवा आला असता. बिघाडाला ठरावीक वेळ होती, आणि तिथूनच शोध सुरू करायला हवा होता.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘ॲप्लिकेशन’ उघडले. क्रमांक १०००च्या, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याच्या, नोंदी रांगेने होत्या. कोसळणारा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी तोच, ‘सॉफिस डॉट बिन’, म्हणजे लिब्रेऑफिसच. पण दोषी मोड्यूलचे (प्रोग्रॅमच्या ज्या भागात तो कोसळला त्याचे) नाव दरवेळी वेगळे. एक्सेप्शन कोड, म्हणजे बिघाडाच्या प्रकाराचा क्रमांक, मात्र सगळीकडे सी००००००६. हा शेवटचा आकडा नीट वाचावा. शेवटी ५ असेल, तर प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावलेला असतो. तिथे सॉफ्टवेअर, एक्स्टेन्शन किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासणे योग्य. (पोर्टेबल लिब्रेऑफिस वेगवेगळ्या संगणकांवर फिरते तेव्हा स्किया (त्याचा पडद्यावर चित्र काढणारा भाग) आणि तिथला ड्रायव्हर जुळत नाहीत, असेही होते. ‘टूल्स – ऑप्शन्स – व्ह्यू’मध्ये स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंगची सक्ती केली की ते थांबते.) शेवटी ६ असेल, तर विंडोजने फाइलचा एक तुकडा मागितला आणि डिस्ककडून तो आलाच नाही. नवी प्रत टाकून हे बरे होत नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला म्हणजे तो अख्खा मेमरीत आला, असे नसते. विंडोज ४ केबीची पाने लागतील तशी आणते आणि जागा हवी झाली की कोडची पाने सोडूनही देते, कारण ती मूळ फाइलमधून पुन्हा वाचता येतात. ती मूळ फाइल इथे पेन ड्राइव्हवर. ज्या मेनूचा कोड अजून आणलेला नाही त्यावर क्लिक केले आणि त्या क्षणी ड्राइव्ह हाताशी नसला, की प्रोग्रॅम जागीच संपतो. मोड्यूलचे नाव बदलत होते तेही यामुळेच.

मग ‘सिस्टम’ लॉग. पॉवर-ट्रबलशूटरची नोंद, म्हणजे संगणक झोपेतून जागा झाला ती वेळ. आणि तिला लागूनच डिस्कची १५७ क्रमांकाची नोंद, डिस्क अचानक काढली गेल्याची. कुणी हात लावला नव्हता. ड्राइव्ह क्षणभर सुटून परत आला होता. तो एक्सप्लोररमध्ये दिसतो, अक्षरही तेच असते, म्हणून कुणाला शंका येत नाही; पण चालू प्रोग्रॅमने आधी उघडून ठेवलेल्या फाइलींची वाट तुटलेली असते.

चार वाजण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रोग्रॅम उघडा ठेवून स्टार्ट मेनूतून ‘स्लीप’ दिले, जागे केले, मेनू उघडला: कोसळला. फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवून तेच केले: चालला. पेन ड्राइव्ह सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावून तेच केले: चालला. उरला तो हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक करणारी पेटी. अडॅप्टर नसलेल्या चार पोर्टांच्या हबवर स्कॅनर, कीबोर्ड, माउस आणि हा ड्राइव्ह. असा हब यूएसबी २.०च्या एका पोर्टकडून मिळणाऱ्या ५०० मिलिॲम्पिअरवर सगळ्यांना जगवतो. प्रत्येकाच्या वाट्याला नियमाने १००. जागे होताना सगळी एकदम करंट ओढतात. त्यातून हबच्या पिनांवर हिरवट थर. समुद्राकाठची खारी हवा आणि पावसाळा, वास्कोत हे व्हायचेच.

ड्राइव्ह कायमचा मागच्या पोर्टला गेला. त्याच्या पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. स्कॅनरसाठी ५ व्होल्टच्या अडॅप्टरचा हब घेतला. पेन ड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे घेऊन एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण क्षमतेची लिही-वाच तपासणी केली, कारण खोट्या क्षमतेच्या ड्राइव्हची लक्षणेही कधी अशी दिसतात. ती निर्दोष निघाली.

वारंवार सुटण्याने जे मोडते ते मग पाहिले. ड्राइव्हवरच्या एक्सफॅट या फाइल-मांडणीला जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही) नसते, म्हणून डेटा परत टाकण्याआधी ड्राइव्ह फॉरमॅट केला. नाहीतर निदान चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी ‘एफ’ पर्यायासह चालवावी. ‘लॉक’ नावाच्या अनाथ फाइली पुसल्या, त्यांच्यामुळे दस्तऐवज ‘दुसऱ्याने उघडलाय’ असे सांगत होता. ‘डेटा’ फोल्डरातले प्रोफाइल (लिब्रेऑफिसच्या आपल्या सेटिंग्ज) बिघडल्याचा संशय असेल तर ते पुसू नये, नाव बदलून ठेवावे; शब्दकोश त्यातच असतो.

ऑपरेटर मुलीने विचारले, “पण दादा, दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं ना?” होते, पण पोर्टेबल मांडणीत ती जपलेली प्रत त्याच पेन ड्राइव्हवरच्या प्रोफाइलमध्ये जाते. ड्राइव्ह सुटला की मूळ काम आणि त्याची राखीव प्रत दोन्ही एकदम हातची जातात. म्हणून चालू पत्रक आता दुकानाच्या डिस्कवर असते आणि निघताना पेन ड्राइव्हवर उतरते. ही नक्कल रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-आज्ञेने करताना ‘एमआयआर’ पर्याय टाळून ‘ई’ दिला आहे. पहिला पर्याय मूळ जागी नसलेले पलीकडचे पुसून टाकतो. एखाद्या रात्री स्रोत रिकामा वाचला गेला तर नक्कलही रिकामी होईल. आणि जेवायला जाताना लिब्रेऑफिस बंद करायचे, ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करायचा.