पान ९४

‘कट्ट’ असा आवाज आला आणि माझ्या हातात एका पुस्तकाची दोन पुस्तकं झाली. पान ९४ पर्यंतचं डाव्या हातात, ९५ पासूनचं उजव्या. खुनी अजून सापडायचा होता.

चूक माझीच. १९४७ साली छापलेलं पेपरबॅक मी आजच्या पुस्तकासारखं मागे दुमडून, एका हातात धरून, लोळत वाचत होते. या पुस्तकांना शिवण नसते. पानांचे गठ्ठे एकावर एक ठेवायचे, घडीकडची कड कापून टाकायची आणि त्या कापलेल्या कडेला गोंद फासून वर मुखपृष्ठ चिकटवायचं, की झालं पुस्तक. या बांधणीला म्हणतात ‘परफेक्ट बाइंडिंग’. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असणार. पंचाहत्तरेक वर्षांत तो गोंद सुकून पापडासारखा होतो. वाकवला की मोडतो.

माझ्या संग्रहातलं ते पहिलं पुस्तक. खरं म्हणजे तेव्हा संग्रहबिंग्रह काही नव्हतं, मला फक्त एक आटोपशीर रहस्यकथा हवी होती. कारण टीव्हीवरच्या मालिकांनी मी वैतागले होते. एक खून, आठ भाग. पाचव्या भागात डिटेक्टिव्हचं बालपण, सहाव्यात त्याच्या घटस्फोटित बायकोचं म्हणणं, आणि आठव्यात खुनी सापडतो तो पहिल्या भागात आपल्याला वाटला होता तोच. जुनी अमेरिकन क्राइम पेपरबॅक बहुतेक १६० किंवा १९२ पानांत संपतात, हे कळलं तेव्हा मला ती पर्वणी वाटली. (हे आकडे लेखकाच्या संयमातून आलेले नाहीत बरं. दोन्ही बत्तिसाच्या पटीतले आहेत. छापखान्यात मोठा कागद दुमडून ३२ पानांचा गठ्ठा होतो. असे पाच किंवा सहा गठ्ठे. कथा त्यात बसवायची, नाही बसली तर टाइप बारीक करायचा.)

तर पहिलं मोडल्यावर दुसरं मागवलं, आणि मग पुढचं सगळं सुरू झालं.

ही पुस्तकं ऑनलाइन घेताना आधी विक्रेत्यांची भाषा शिकावी लागते. घरभाड्याच्या जाहिरातीत ‘आटोपशीर’ म्हणजे लहान आणि ‘हवेशीर’ म्हणजे खिडकीला काच नाही, तसंच इथे. ‘फाइन’ म्हणजे चांगलं. ‘व्हेरी गुड’ म्हणजे बरं. ‘गुड’ म्हणजे वाईट. आणि ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे पानं सगळी आहेत, बाकी देवाची मर्जी. मी सुरुवातीला ‘गुड’ वाचून तीन पुस्तकं एकदम मागवली. एकाचा कणा तिरपा होऊन पुस्तक पतंगासारखं झालेलं, एकाच्या मुखपृष्ठावरचा चकचकीत पापुद्रा साल सुटावी तसा सुटलेला, आणि तिसऱ्याला वास. वास म्हणजे बंद कपाटात ओलं पायपुसणं विसरावं तसा. वासाचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे ते विक्रेत्याला नेमकं विचारावंच लागतं. आता मी पाच गोष्टींचे फोटो मागते: पुढचं, मागचं, कणा, कॉपीराइटचं पान आणि पुस्तक आडवं ठेवून कडा. एक विक्रेता यावर तिरसटपणे म्हणाला, की एवढ्या चौकशा करून लोक लग्नं करतात. त्याचं पुस्तक उत्तम निघालं, हेही सांगायला हवं.

कॉपीराइटचं पान का, तर त्याची अक्कल मला दुप्पट पैसे मोजून आली. एका कादंबरीच्या अकराव्या पानावर मला पडद्यामागे कोण उभं आहे हे आपोआप कळलं. क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, हे मी महिन्यापूर्वी वाचलंय. वेगळं नाव, वेगळं मुखपृष्ठ, तीच कादंबरी! पेपरबॅकवाले जास्त भडक नाव देऊन जुनंच पुस्तक पुन्हा काढत आणि कॉपीराइटच्या पानावर बारीक अक्षरात ‘पूर्वी अमुक नावाने प्रसिद्ध’ असं टाकून मोकळे होत.

वासावर उपाय सापडला. झाकणाच्या मोठ्या डब्यात उघड्या वाटीत खाण्याचा सोडा, शेजारी पुस्तक उभं, सोडा पुस्तकाला लागू द्यायचा नाही. दोन आठवड्यांत वास निम्म्याने गेला, चार आठवड्यांत जवळजवळ सगळा. कसरीचं मात्र वेगळं. एका पुस्तकातून चंदेरी शेपूट वळवळत बाहेर आली आणि मी ते तसंच हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. आठवडाभर ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला आलं की मगच, नाहीतर त्यावर दव धरतं. हे सगळं मी नीट केलं, फक्त आईला सांगायचं राहिलं.

“बर्फ काढायला गेले तर आत पिस्तूल रोखलेली बाई!” आई स्वयंपाकघरातूनच ओरडली. “आणि कपडे तरी धड घालायला नकोत का, एवढ्या थंडीत?”

आईचा माझ्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल आधीपासूनच संशय होता. माझ्याकडे गोल्ड मेडल या मालिकेची नऊ पुस्तकं आहेत, आणि त्यांचे कणे पिवळे. ओळीने ठेवली की आपल्याकडे ‘पिवळी पुस्तकं’ म्हणतात ती हीच, असं कुणालाही वाटावं. मी तिला सांगितलं, की इटालियन लोक रहस्यकथेला सरळ ‘पिवळं’च म्हणतात, ‘जाल्लो’, कारण १९२९ पासून मोंदादोरी प्रकाशनाची रहस्यमाला पिवळ्या मुखपृष्ठांत यायची. “म्हणजे तिकडेही तेच,” आई म्हणाली.

गोल्ड मेडलची गोष्ट मात्र मला फार आवडते. १९३९ साली पॉकेट बुक्सने अमेरिकेत २५ सेंटला कांगारूचं चिन्ह असलेली पुस्तकं विकायला सुरुवात केली, तेव्हा मुख्यतः कापडी बांधणीत येऊन गेलेलीच पुस्तकं स्वस्तात पुन्हा निघत. मूळ प्रकाशक या पुनर्मुद्रणाच्या मानधनातला अर्धा वाटा ठेवून घेई. फॉसेट कंपनी दुसऱ्या एका पेपरबॅक प्रकाशकाची पुस्तकं वितरित करायची, आणि करारामुळे तिला स्वतः पुनर्मुद्रणं काढायला बंदी होती. मग तिने १९५० साली पळवाट काढली: पुनर्मुद्रणं नाही ना, मग थेट नव्या कादंबऱ्याच पेपरबॅकमध्ये! तीच गोल्ड मेडल. लेखकाला पैसे किती प्रती खपल्या यावर नाही, किती छापल्या यावर. लेखक धावत गेले नसते तरच नवल. एका कराराच्या कलमामुळे अख्खा एक साहित्यप्रकार फोफावला.

माझं खरं वेड मात्र डेल या अमेरिकन प्रकाशकाच्या नकाशावाल्या पुस्तकांचं, ‘मॅपबॅक’चं. १९४३ पासून पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत अशी पाचशेहून जास्त निघाली. पुढे कुलपाच्या भोकातून बघणारा डोळा, आणि मलपृष्ठावर गुन्ह्याच्या जागेचा रंगीत नकाशा. हवेलीचं छत काढून आत डोकावावं तसा: जिना, ग्रंथालय, नोकरांच्या खोल्या, मागचं तळं. यातले बरेच नकाशे रूथ बेल्यू या बाईंनी काढले. माझ्याकडच्या एका नकाशात पलंगाशेजारी इतकी छोटी चप्पल आहे, की ती दिसायला मला भिंग घ्यावं लागलं. कथेत त्या चपलेचा उल्लेख दीडच ओळ आहे. म्हणजे नकाशा काढणारीने ती दीड ओळ वाचली होती.

नकाशाचा तोटाही एकदा भोगला. वाचता वाचता कोण कुठल्या खोलीत हे बघायला पुस्तक उलटलं, तर तळ्याकाठी फुली आणि शेजारी लिहिलेलं, ‘दुसरा मृतदेह इथे’. मी अजून पहिल्यावरच होते. स्पॉयलरवरून आज लोक मैत्री तोडतात; इथे प्रकाशकानेच तो मलपृष्ठावर रंगवून छापलेला.

मुखपृष्ठांचं मात्र उलट. पिवळ्या झग्यातली ती फ्रीजरवाली बाई अख्ख्या कादंबरीत कुठेच येत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत तिची वाट पाहिली. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला हे सांगितलं तर त्याने मान वरही केली नाही.

“मावशी, थंबनेल आहे ते. आत काय आहे याच्याशी त्याचा काय संबंध?”

खरंच होतं. ही पुस्तकं पुस्तकांच्या दुकानांपेक्षा औषधांच्या दुकानात, स्टेशनवर, वर्तमानपत्रांच्या गाळ्यावर तारेच्या फिरत्या स्टँडवर विकली जात. घाईतल्या माणसाची नजर दोन सेकंद थांबवायची, एवढंच चित्राचं काम. इंग्लंडात १९३५ साली सहा पेन्सला निघालेल्या पेंग्विनने क्राइमला नुसता हिरवा रंग दिला, चित्र नाहीच. माझ्याकडे तशी दोन आहेत. कपाटात ती या बाकीच्यांकडे न बघता ताठ बसल्यासारखी दिसतात.

आता वाचण्याबद्दल. सगळी धड नाहीत, हे आधीच सांगते. काहींतल्या बायका नुसत्या बेशुद्ध पडायला आणल्यात, आणि काळ्या किंवा चिनी पात्रांबद्दल जे लिहिलंय ते वाचून दोन पुस्तकं मी अर्ध्यावर सोडली. काही मात्र अशी आहेत, की पहिल्या परिच्छेदात प्रेत, तिसऱ्या पानावर खोटी साक्ष, आणि नायकाचा भूतकाळ दोन वाक्यांत आटोपलेला. शिवाय मोबाइल नाही. फोन बूथमध्ये नाणी संपली म्हणून माणूस जिवाला मुकतो. गाव बदलून नाव बदललं की माणूस खरोखर गायब होतो. आजच्या लेखकाला यासाठी आधी फोनची बॅटरी उतरवावी लागते किंवा रेंज घालवावी लागते.

वाचायची पद्धत पान ९४ नेच शिकवली. टेबलाशी बसायचं. पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडायचं नाही. डाव्या तळहाताचा कण्याला आधार आणि उजव्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून अलगद सोडवायचं. कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने तपकिरी झालेला. घाई केली की कोपरा हातात येतो. लोळता येत नाही, खाता येत नाही, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे फोन उचलता येत नाही. सुरुवातीला हा जाच वाटायचा. मग एका रात्री घड्याळात सव्वा वाजलेला पाहिला आणि लक्षात आलं, की गेले अडीच तास मी फोन कुठे ठेवलाय हेसुद्धा मला माहीत नाही. मालिका बघताना माझा अंगठा सतत दुसऱ्याच पडद्यावर असतो.

ते पहिलं मोडलेलं पुस्तक मी फेकलं नव्हतं. चिकटवलंही नाही, घरगुती गोंदाने ते पुढे आणखी वाईट मोडतं, आणि सेलोटेपचे डाग तर कायमचे. दोन तुकडे कागदात गुंडाळून खालच्या खणात ठेवले होते. मागच्या महिन्यात भाचा आला तेव्हा ते त्याला सापडलं. प्रवासाला निघाला होता. “हे आधीच मोडलंय ना? मग मी नेऊ?” मी हो म्हटलं, कारण आणखी काय बिघडणार होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री अकराला त्याचा मेसेज आला. सोबत फोटो: उशीवर पान १ ते ९४.

“मावशी, सीझन टू बॅगेत सापडत नाहीये. तुझ्याकडेच राहिला का?”

खणात पाहिलं. राहिला होता. पान ९५ पासून पुढचा एकेक पानाचा फोटो काढून पाठवत बसले, टेबलाशी, काटकोनात धरून. पान १२० ला त्याने विचारलं की खुनी वकीलच ना. मी उत्तर दिलं नाही, पुढचं पान पाठवलं.