तोडलेलं रान, सहा पावसाळे

शिमग्याला गावी आलो होतो तो आठ दिवसांसाठी. पालखी घरी येऊन गेली की परत डोंबिवली, असा बेत. साल २०२०. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी अडकलो तो थेट ऑक्टोबरपर्यंत, आणि नेमकी तेव्हाच घरामागच्या उतारावर तोड चालू होती.

तोड म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगावं लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यात जमीन अगदीच थोडी. दिसतं ते रान बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावरचं. आठ-दहा वर्षांनी ठेकेदार येतो, रान उभंच्या उभं विकत घेतो, टोळी आणि कटर लावतो, की लाकूड ट्रकने घाटावर. ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, तोडायला परवानगी लागते. परवानगी किती झाडांची आणि तुटली किती, हे मात्र कोणी मोजत बसत नाही. आमच्या चार एकरांचा विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, चुलत्यांनी जानेवारीतच घेतला होता. कागदावर माझीही सही होती, तेव्हा उगाच साळसूदपणा नको.

२४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं. टोळीतली माणसं मिळेल त्या वाटेने आपापल्या गावी गेली. खालचा निम्मा उतार तुटून झाला होता, वरचा निम्मा उभा होता. लाकडाचा शेवटचा ढीग आमच्या पाणंदीत तसाच पडून राहिला.

त्या दिवसांत मोबाईलवर रोज काहीतरी येत होतं. रस्त्यावर मोर, ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो, कुठल्याशा कालव्यात डॉल्फिन. म्हणे निसर्ग पंधरा दिवसांत परतला. त्यातले काही फोटो पुढे खोटे निघाले. मला त्याचा राग यायचा, कारण माझ्यासमोरचा उतार पंधरा दिवसांनीही तसाच होता: तांबड्या मातीत पांढरे-तपकिरी खुंट. माणूस घरात बसला की जनावर बाहेर येतं, ते आधीपासून असतंच कुठेतरी. रान तसं येत नाही.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवानंतर, एका किंजळीच्या खुंटापाशी बसलो होतो. कापलेल्या भागावर काहीच नव्हतं, पण कडेला, साल आणि लाकूड जिथे भेटतात तिथे, तांबूस मोडासारखं काही वर आलं होतं. बोटाने चाचपलं तर मऊ लव. चार दिवसांनी परत गेलो तर एकाच खुंटाला तेवीस फुटवे. जूनच्या मध्याला गुडघ्याएवढे. ऐनाचे तर त्याहून जोरकस. सगळ्यांचीच मुळं तशीच्या तशी जिवंत होती. वरचं धड नेलं, इतकंच.

मग डोक्यात किडा शिरला: पुन्हा तोडलंच नाही तर?

हे वाटतं तितकं सोपं नाही. जमीन सामायिक, सातबाऱ्यावर आम्ही पाच जण. विसाराचे पैसे परत करायचे म्हणजे कोणीतरी खिशातून घालायचे. ते मी घातले. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘दादा, तू डोंबिवलीत बसून रान वाढवणार, आणि आम्ही इथे राहून काय फुलांचा वास घेत बसायचं?’’ त्याचं चुकलं नव्हतं. शेवटी दहा वर्षं हात लावायचा नाही असं घरच्या घरी ठरलं. त्याच्या वाट्याचे म्हणून मी दरवर्षी काही रक्कम देतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण न लिहिणंही खोटं होईल. पगारदार माणसाला जमलं म्हणून जमलं.

दुसरा प्रश्न कवळीचा. शेजारच्या काकू भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, अजून राब भाजून, म्हणजे फांद्या-पाला जाळलेल्या जागेवर, करतात. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या, म्हणजे कवळ, पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच उतारावरून नेतात. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता बंद. काकू काही बोलल्या नाहीत. चार दिवस आमच्याकडे ताकही आलं नाही. मग आईने मध्यस्थी केली आणि बांधालगतची बारा झाडं कवळीसाठी सोडली. आजही त्याच बारांवर विळा चालतो, बाकीच्यांना त्यांनी कधी हात लावलेला नाही. ठेकेदारापेक्षा ती बारा झाडं मला कितीतरी स्वस्त पडली.

तिसरा, आणि सगळ्यात वाईट, वणवा. २०२२ च्या मार्चमध्ये पलीकडच्या माळावरून आग आली. कोणी गवत पेटवलं, कोणी विडी टाकली, देव जाणे. मी डोंबिवलीत, भावाचा फोन रात्री अकराला. दोन वर्षांचे फुटवे, माणसाच्या डोक्याएवढे झालेले, एका रात्रीत करपले. वरच्या उभ्या रानातल्या मोठ्या ऐनांना फारसं काही झालं नाही. त्यांची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळ, ती नुसती काळी पडली. कोवळ्यांना ती साल यायची होती. मी सुट्टी काढून गेलो, राख बघितली, आणि खरं सांगायचं तर पैसे पाण्यात गेले असंच वाटलं.

जूनमध्ये पुन्हा मोड. तेच खुंट, तीच तांबूस लव. पण या वेळी त्यांच्याआधी रानमोडी उठली. आग लागलेल्या जागी हे झुडूप असं माजतं की विचारू नका. मूळचं अमेरिकेकडचं, बी वाऱ्यावर उडतं, गुरं तोंड लावत नाहीत, आणि वाळलं की पुढच्या वणव्याला तेच सरपण. म्हणजे आग रानमोडी वाढवते आणि रानमोडी आग. ही साखळी तोडायला ती पावसात, माती भुसभुशीत असताना, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायची. कोयत्याने छाटली तर दुप्पट होते, हे मी पहिल्या वर्षी करून बघितलं आहे. आता दर श्रावणात चार गडी घेऊन आठवडाभर तेच काम. मजेची गोष्ट अशी की थंडीत रानमोडी फुलली की निळी फुलपाखरं तिच्यावरच गर्दी करतात. म्हणून एका कोपऱ्यात थोडी ठेवली आहे. भाऊ हसतो.

शिवाय वणवा आत शिरू नये म्हणून दर वर्षी शिमग्याच्या आधी उताराच्या तिन्ही बाजूंनी दहा फूट रुंद पट्टा गवत काढून साफ करायचा, पालापाचोळा आत ओढायचा. २०२२ नंतर एकदाही चुकवलेला नाही. रान मोकळं सोडणं म्हणजे काही न करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्चच्या उन्हात एकदा हा पट्टा काढून बघावा.

आता सहा पावसाळे झाले. खालचे फुटवे दोन-अडीच पुरुष उंच आहेत. एकेका खुंटावरचे बहुतेक आपोआप मेले, तीन-चार जोरात आहेत. काही खुंटांवर मी दोनच ठेवून बाकीचे काढले, ते जाडजूड झालेत, पण बरोबरचे न छाटलेलेही फार मागे नाहीत. सावलीत करवंद आणि उक्षीचं जाळं झालंय. भेरली माडाची रोपं मी लावलेली नाहीत. कांडेचोराच्या, म्हणजे उदमांजराच्या, विष्ठेत त्याच्या बिया दगडावर दिसल्या तेव्हा कोडं सुटलं. संध्याकाळी भेकर, म्हणजे छोटं हरीण, भुंकतं. नोव्हेंबरात वरच्या किंजळी फळांनी गुलाबी होतात, तेव्हा लांबच्या रस्त्यावरूनही आमचा उतार ओळखू येतो.

पऱ्या, म्हणजे ओढा, पूर्वी दिवाळीला आटायचा, यंदा जानेवारीपर्यंत वाहिला. पण २०२५ चा पाऊस मेमध्येच आला आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, त्यामुळे त्याचं श्रेय मी रानाला इतक्यात देणार नाही.

कवडे धनेश पक्षी येतात ते पलीकडच्या देवराईतून, वरच्या नांद्रुकाची फळं खायला. खातात आणि जातात. घरट्याला त्यांना म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते, आणि आमच्या आजोबांपासून आम्ही एकही झाड म्हातारं होऊ दिलेलं नाही.

आणि सगळ्यात वरचा तुकडा. २०१५ मध्ये काजू लावायचे म्हणून तिथे आम्ही जेसीबी फिरवला होता. खुंट उपटले, मुळं काढली, टप्पे पाडले. काजू काही जगले नाहीत. तो तुकडाही सहा वर्षं तसाच, त्याच पावसात, त्याच पट्ट्याच्या आत आहे. तिथे गवत आहे, धायटीची चार झुडपं आहेत, आणि रानमोडी. ऐन शोधून दोन सापडले, वीतभर. बी पडतं, पण वरच्या थराची माती पावसाबरोबर खाली वाहून येते. खालच्या उतारावर कटर चालला आणि वर जेसीबी, एवढाच फरक.

वाडीत सगळे खूश आहेत असं नाही. रान दाट झालं तशी डुकरं दिवसा तिथेच लोळतात आणि रात्री भातात शिरतात. गेल्या आश्विनात काकूंचं अर्धं खाचर आडवं केलं. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज मी स्वतः भरून दिला, पंचनाम्याला बरोबर उभा राहिलो. काकू तेव्हाही काही बोलल्या नाहीत. परवा कवळीचा भारा डोक्यावर घेऊन दारावरून जाताना मात्र थांबल्या.

‘‘काल परत आलेली हो,’’ म्हणाल्या.

‘‘कोण?’’

‘‘कोण काय? तुझी डुकरं.’’