आकडा कागदावर, कागद रेकॉर्ड विभागात

मुलीच्या डाव्या डोळ्याला केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, असल्याने क्रॉस-लिंकिंग करावे लागले. त्यात रायबोफ्लेविनचे (ब-2 जीवनसत्त्वाचे) थेंब घालून अतिनील किरणांनी कॉर्निया मजबूत करतात. उपचार सुरळीत झाला. सुरुवातीचे काही दिवस डोळा ठणकला, इतकेच. मनस्ताप झाला तो एंडोथेलियमच्या एका आकड्यापायी.

एंडोथेलियम हा कॉर्नियाचा सर्वांत आतला, एकाच पेशीच्या जाडीचा थर. तो कॉर्नियातले जास्तीचे पाणी सतत उपसतो आणि माणसात या पेशी गेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. अतिनील किरणांची झळ त्यांना लागू नये म्हणून, वरचा थर खरवडल्यावर कॉर्निया निदान 400 मायक्रॉन जाड असावा, असा नेहमीचा दंडक आहे. मुलीची जाडी वरच्या थरासकट 435 होती आणि तो थरच साधारण 50 मायक्रॉनचा. त्यामुळे कॉर्निया फुगवणारे हायपोटॉनिक रायबोफ्लेविन घालून, जाडी पुन्हा मोजून मगच किरण सोडले.

पुढे स्पेक्युलर मायक्रोस्कोपीत, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशींचे छायाचित्र घेऊन त्या मोजण्याच्या तपासणीत, दर चौरस मिलिमीटरला 2480 पेशी आल्या. आकडा चांगला आहे, पण आधीचा किती होता, असे डॉक्टरांनी विचारले आणि तो कागद रेकॉर्ड विभागात अडकलेला. खिडकीवरचे गृहस्थ डॉक्टरांची चिठ्ठी मागत, डॉक्टर म्हणत चिठ्ठीची गरजच नाही, आणि मधल्या वेळेत जेवणाची सुट्टी होई. अखेर मिळाला तो एकपानी सारांश, त्यात लिहिलेले, ‘एंडोथेलियम नॉर्मल’. नॉर्मलमधून 2480 वजा कसे करायचे, हे मी त्यांना विचारलेही. मग रीतसर लेखी अर्ज केला आणि मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, या वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमाचा त्यात उल्लेख केला. फाइल लगेच सापडली! मधाच्या पोळ्यासारख्या पेशींच्या छायाचित्राखाली 2560 छापलेले होते. कॉर्नियाचा कोणता भाग टिपला जातो, त्यावरून एवढा फरक पडू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा उपचाराआधीच पेशींची मोजणी करून घ्यावी, छायाचित्रासह छापील प्रत त्याच दिवशी मागावी आणि नंतरची मोजणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मोजमापांच्या किती दिवस आधी ती बंद ठेवायची, हे भेटीची वेळ घेतानाच विचारावे. आम्हाला ते कोणी आपणहून सांगितले नव्हते.