वास वरच्या भोकातून येत होता

बेसिनजवळ गेलं की कुजकट वास यायचा. बेसिनखालचा ट्रॅप (पाणी साचवून गटाराचा वास अडवणारा वाकडा पाईप) खोलून धुतला, जाळीत अडकलेले केस काढले, गरम पाणी ओतलं. तेवढ्यापुरतं बरं, मग पुन्हा तेच. शेवटी नाक पार काठाशी नेऊन हुंगलं, तर वास काठाखालच्या त्या छोट्या भोकातून येत होता. भोकात ओलं फडकं कोंबलं आणि वास थांबला.

बूच लावलेलं असताना नळ चालू राहिला तर पाणी जमिनीवर सांडू नये, म्हणून हे भोक. पण त्यात शिरलेलं पाणी जातं कुठे? बाहेर तर पाईप दिसत नाही. तिथे बेसिनला आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती असतात आणि मधल्या पोकळीतून पाणी खाली उतरतं. मग वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या नळीच्या, अंगाला असलेल्या खाचांतून ते आत शिरतं, बुचाच्या खाली आणि ट्रॅपच्या वर. जागा अगदी विचार करून निवडलेली आहे. बुचाच्या वर असती तर काही उपयोग नव्हता, आणि ट्रॅपच्या पलीकडे असती तर गटाराचा वास थेट बाथरूममध्ये आला असता. म्हणजे ट्रॅपमध्ये पाणी आहे आणि तरीही भोकातून वास येतोय, तर बहुतेक पोकळीतच काहीतरी कुजतंय.

बूच लावून बेसिन भरू दिलं. पाणी भोकात शिरलं, गुडगुडलं आणि पोकळी भरताच तिथेच थांबलं. पातळी काठाकडे चढायला लागली तसा नळ बंद केला.

लांब लवचिक ब्रश भोकातून घातला. साबण आणि टूथपेस्टचा काळा, बुळबुळीत गाळ निघाला. दर्प विचारू नका. तरी पाणी उतरेना. मग खाली बादली ठेवून ट्रॅप काढला, नट सैल केला आणि कपलिंगच बाहेर काढलं. फुल थ्रेडचं होतं! वरपासून खालपर्यंत नुसते आटे, खाच एकही नाही. ओव्हरफ्लो, म्हणजे हे काठाखालचं भोक, नसलेल्या बेसिनला ते चालतं. इथे पोकळीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. बसवणाऱ्याने हाताला लागलं ते बसवलं असणार.

हाफ थ्रेडचं आणलं. त्याच्या वरच्या भागात आटे नसतात, तिथे खाचा असतात. सिलिकॉन फक्त वरच्या कडेखाली, तेही बेताने लावलं, कारण जास्त झालं की ते खाचांत शिरून त्याच बुजवतं. आता नळ मध्यम सोडला की पातळी भोकापाशी थांबते. पूर्ण सोडला की हळूहळू चढतेच. भोक थोडा वेळ मिळवून देतं, एवढंच.

हात लागलेच होते म्हणून टबही पाहिला. तिथे बहुधा पोकळी नसते, टबाच्या मागून वेगळा पाईप उतरतो. भोकावरच्या चकतीचे स्क्रू काढले, तर मागचा रबरी वॉशर कडक होऊन चिरलेला. टब अर्धाच भरला तरी माणूस आत बसला की पाणी वर येतं, भोकापर्यंत पोचतं आणि असल्या वॉशरमधून टबामागे झिरपतं. नवा घातला.

हल्ली अधूनमधून ब्रश फिरवून भोकात कोमट पाणी ओततो. ब्लीच ओतायचं असेल तर सोबत व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड अजिबात नको, क्लोरीन वायू तयार होतो.