सहा मिनिटे टिकणारा दाब

छत्रपती संभाजीनगरात टू-स्ट्रोक गाड्यांचे काम करताना मला बत्तीस वर्षे झाली. आरएक्स १०० असो वा राजदूत ३५०, या इंजिनांचा नट न नट माझ्या ओळखीचा आहे. परंतु गेल्या मे महिन्यात जालन्याचे एक मोसंबी बागायतदार टेम्पोत घालून जी गाडी घेऊन आले, तिच्यासारखी गाडी माझ्या गॅरेजमध्ये पूर्वी कधीच आली नव्हती. यामाहा वायझेड ४९०, कच्च्या वाटेवरच्या शर्यतींची (मोटोक्रॉसची) गाडी, १९८४ चे मॉडेल. ८७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे ४८७ सीसीचा एकच सिलिंडर आणि तोही हवेवर थंड होणारा. आरएक्स १०० सारखी जवळजवळ पाच इंजिने त्या एका सिलिंडरात मावतील.

या बागायतदार काकांच्या थोरल्या भावाने ती हौसेने परदेशातून आणली होती आणि त्यांच्या पश्चात ती शेडमध्ये पडून होती. एका गॅरेजमध्ये इंजिन बांधून घेतल्यावर वीस किलोमीटरच्या आत पिस्टन जाम झाला. पुन्हा रिंगा बदलल्या, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र, तीनदा वाढवला, सुरक्षितता म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचे प्रमाणही ३२ ला १ वरून २० ला १ केले, तरी पिस्टन दुसऱ्यांदा धरलाच.

"मिस्त्री, आता याच्यापेक्षा मोठा जेट मिळंना. तुम्हीच काय ते बघा," काका म्हणाले.

हेड उघडले तेव्हा पिस्टनची कड एका बाजूने खाल्ल्यासारखी झाली होती, एक्झॉस्टकडील भागावर उभे ओरखडे होते आणि प्लग पांढराफटक पडला होता. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, त्यामुळे इंजिन अति तापले, याची ही स्पष्ट खूण. ऑइल वाढवल्याने उलट भर पडली होती, कारण जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल जितके वाढते तितके पेट्रोल घटते. मीही त्या क्षणी कार्बोरेटरकडेच हात नेला होता. पण काकांनी सहज सांगितलेली एक गोष्ट मनात अडकली: थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन थोडा वेळ चढ्या आवाजात फिरत राहायचे आणि मग हळूहळू उतरायचे. मेन जेटचे राज्य थ्रॉटल पाऊण उघडल्यानंतर सुरू होते. बंद थ्रॉटलवर जे इंजिन खाली येत नाही, त्याला दुसरीकडून हवा मिळत असली पाहिजे.

म्हणून इंजिन तसेच परत जुळवले, एक्झॉस्ट आणि इनटेक रबर लावून बंद केले आणि एका बाजूला सायकलचा व्हॉल्व्ह बसवून हातपंपाने दाब भरला. दाब मोजायला मी रक्तदाबाच्या जुन्या यंत्राची तबकडी वापरतो. ती ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जाते, म्हणजे सुमारे ६ पीएसआय, आणि क्रँककेसला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीला, तेवढे पुरते. चांगल्या इंजिनात हा दाब सहा मिनिटे जवळपास हलत नाही. इथे काटा मिनिटभरातच शंभराच्या खाली आला.

सिलिंडरचा पाया, रीड व्हॉल्व्हची (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेची) गास्केट, सगळीकडे ब्रशने साबणपाणी फिरवले, बुडबुडा नाही. क्लचकडचे सील गळत असेल तर हवा गिअरबॉक्समध्ये जाते, म्हणून ब्रीदरची नळी पाण्यात बुडवून पाहिली; तिथेही काही नाही. मग दुसऱ्या बाजूचे मॅग्नेटोचे (ठिणगीची वीज तयार करणारे) फ्लायव्हील काढले आणि साबणपाण्याचा ब्रश लावताच क्रँकच्या दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या सीलभोवती फेस उकळल्यासारखा वर आला. वर्षानुवर्षे कोरडे पडून सीलची कड दगडासारखी कडक झाली होती. दोनदा इंजिन बांधले गेले, पण शंभरेक रुपयांच्या त्या सीलला कोणी हात लावला नव्हता. मला त्या वेळी राग आला, तो पैशांसाठी नव्हे. एक दुर्मीळ सिलिंडर विनाकारण दोनदा जखमी झाला होता.

दोन्ही सील नवे टाकले. लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, ओतीव लोखंडाचा असल्यामुळे वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये बोअर करता आला. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट मी ०.०८ मिमी ठेवली, कारण आमच्या उन्हात एवढा मोठा, हवेवर थंड होणारा पिस्टन चांगलाच फुगतो. त्यानंतरच जेटला हात लावला.

इथे परदेशी पुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येते, त्यामुळे तोच जेट लहान पडतो. उलट इथली साडेपाचशे मीटरहून अधिक उंची आणि मेमधले चाळिशीपार तापमान यांमुळे हवा विरळ असते, त्यामुळे तोच जेट थोडा मोठा ठरतो. ऑइल पुन्हा ३२ ला १ केले, थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि शहराबाहेरच्या मुरमाड माळावर मोठ्या मेन जेटपासून सुरुवात केली. प्रत्येक फेरीत पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचे आणि प्लग काढून बघायचा. तिसऱ्या जेटला रंग चॉकलेटी आला. कार्बोरेटरची नीडल (मधल्या थ्रॉटलवर पेट्रोल ठरवणारी सुई) एक खाच वर घेतली, तेव्हा मधल्या टप्प्यातले नॉकिंगही (इंजिनातली टकटक) गेले. थ्रॉटल सोडला की इंजिन आता लगेच खाली बसत होते. काकांनी तो आवाज तीन-चार वेळा मुद्दाम ऐकला.

जाताना मी त्यांना एक पायरी मोठा मेन जेट गोळ्यांच्या बाटलीत घालून दिला. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरला की हवा दाट होते आणि मेमध्ये बसवलेला जेट अपुरा पडतो. बाटलीवर चिठ्ठी लावली: "दिवाळीनंतर हा बसवणे."