आमची वाटचाल: भाजणीकडून वाळवणीकडे

सुरुवातीला आम्ही इथिओपियाची धुतलेली, म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली कॉफीच भाजायचो. आज आमच्या गोदामात गुजी आणि यिर्गाचेफे भागातली नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी जास्त असते. आपल्याकडच्या व्यापारात अशा कॉफीला 'चेरी' म्हणतात आणि धुतलेल्या 'प्लांटेशन'पेक्षा तिला सहसा भाव कमी मिळतो. नॅचरल म्हणजे हलका माल, हा समज गिऱ्हाइकांच्याच नाही, आमच्याही डोक्यात होता.

'एकाच शेतातली' असं आम्ही पाकिटावर लिहीत नाही. तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे पाच एकरांहूनही कमी जमीन. केळीच्या कुळातल्या एन्सेटच्या आडोशाला, परसातच कॉफीची झाडं. तोडलेली फळं गावाजवळच्या केंद्रावर किलोने विकली जातात आणि शेकडो घरांचा माल तिथे एक होतो. 2008 च्या अखेरीस तिथली कॉफी कमॉडिटी एक्सचेंजमार्फत विकली जाऊ लागली, तेव्हा प्रदेश आणि प्रत कळायची, केंद्राचं नाव मागेच राहायचं. 2017 च्या सुधारणांनंतर केंद्रापर्यंत माग लागू लागला. म्हणून पाकिटावर केंद्राचं नाव असतं.

खरी चव तिथल्या वाळवणाच्या तीनेक आठवड्यांत ठरते. पिकलेली लाल फळं आधी पाण्यात टाकतात. तरंगतात ती पोकळ, ती बाजूला. उरलेली कमरेइतक्या उंच जाळीच्या मंचांवर, पहिले काही दिवस एकाच फळाच्या थरात. थर जाड झाला की खालच्या फळांना हवा लागत नाही, गर आंबतो आणि कपात व्हिनेगर उतरतं. दिवसभर हात फिरवत राहायचं, भर दुपारी आणि रात्री झाकायचं. कुरडया-सांडग्यांचं वाळवण राखलेल्यांना यातलं बरंचसं सांगायला नको. फरक इतकाच, की कॉफीला कडक ऊनही बाधतं. बाहेरून साल आवळते, आत ओल अडकते. असा माल आल्या आल्या फळासारखा गोड लागतो आणि काही महिन्यांत लाकडासारखा. सहा किलो फळांमागे जेमतेम एक किलो दाणे मिळतात. महागाईचं कारण इथेच आहे.

त्यामुळे आमची निवड आता नमुन्यावरच होते. दाण्यातली ओल 10 ते 11.5 टक्के, जलक्रियाशीलता, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी, 0 ते 1 च्या मापावर 0.60 च्या खाली. मग 100 ग्रॅम भाजून फिकट दाणे मोजतो. ही कच्ची तोडलेली फळं. न भाजलेल्या हिरव्या दाण्यात ती ओळखू येत नाहीत आणि चवीला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लागतात. तीनपेक्षा जास्त निघाली तर माल परत. चाखायला एकाच नमुन्याचे पाच कप, प्रत्येकी 11 ग्रॅमला 200 मिली पाणी. पाचांतला एक जरी आंबूस निघाला तरी नकार, कारण वाळवण सगळीकडे सारखं झालेलं नाही.

भाजताना दाणे ड्रममध्ये टाकतो ते धुतलेल्या कॉफीपेक्षा थोड्या कमी तापमानाला. नॅचरलच्या कडा लवकर करपतात. कोंडाही जास्त सुटतो. तो साठला की पेट घेतो, म्हणून कोंड्याचा डबा दर तीन घाण्यांनी रिकामा. भाजताना दाणे दोनदा तडकतात; दुसरी तडतड सुरू होण्याच्या बऱ्याच आधी दाणे बाहेर, आणि पाकीट निदान आठवडाभर मुरल्याशिवाय विक्रीला नाही.

60 किलोच्या तागाच्या पोत्यात हवाबंद अस्तर असतं. जून ते सप्टेंबर, पावसाळी दमट हवेत, ते उघडलं, की त्याच दिवशी उरलेला माल पाच-पाच किलोच्या हवाबंद पिशव्यांत भरतो.