तुम्ही विचारलंत म्हणून: राबणाऱ्या घराचे कपडे

शेतावर राहायचं, होईल तेवढं घरीच पिकवायचं, जनावरं सांभाळायची, लाकडं फोडायची; मग घरातल्या सगळ्यांसाठी स्वस्त आणि टिकणारे कपडे आणता तरी कुठून? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. अमुक दुकानातून घ्या असं सांगून तो सुटत नाही. एकाच दुकानातून घेतलेली एक पँट वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी एका हंगामात विरते. फरक कापडात आणि शिलाईत असतो, आणि तो ओळखायला कुणालाही शिकता येतं.

खरेदीला निघण्याआधी घरातले फाटके कपडे जमिनीवर पसरून बघा. सगळेच कपडे सगळीकडून फाटत नाहीत. गुडघे टेकून निंदणाऱ्याच्या पँटचे गुडघे जातात. सतत उठबस करणाऱ्याचं आसन उसवतं. ओझी वाहणाऱ्याच्या शर्टाचा खांदा विरतो, आणि ज्याच्या खिशात कायम चाकू नाहीतर पाना असतो त्याच्या खिशाचा कोपरा फाटतो. आपल्या घरात काय जातं हे कळलं की पैसे कुठे घालायचे तेही कळतं. गुडघ्यावर दुहेरी कापड असलेली पँट महाग पडते. ती ज्याचे गुडघे जातात त्याच्यासाठीच घ्यावी.

कापड हातात घेतलं की आधी उजेडासमोर धरावं. आरपार दिसत असेल तर ते कामाचं नाही. लेबलवर जीएसएम दिलेलं असेल, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तर कामाच्या पँटसाठी मी 300 च्या खाली जात नाही. साधा टी-शर्ट साधारण 150 ते 180 चा असतो, यावरून अंदाज येईल. विणीवर तिरप्या रेघा दिसल्या तर ते ट्विल, डेनिम त्यातलंच. ट्विल जाड असूनही अंगावर मऊ पडतं, म्हणून वाकायच्या कामाला मला तेच आवडतं. कॅनव्हास काट्याकुट्यांत जास्त तग धरतो, पण सुरुवातीला ताठ असतो.

धागा कशाचा आहे तेही वाचा. सुती धागा ओला झाल्यावर उलट थोडा बळकटच होतो. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, ओला झाला की जवळजवळ निम्मी ताकद गमावतो, त्यामुळे घामाच्या आणि चिखलाच्या कामाला तो नकोच. सुतात थोडं पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर घर्षणाला कापड जास्त टिकतं आणि लवकर वाळतं. मात्र चूल, भट्टी, वेल्डिंग अशा कामाला निव्वळ सुती किंवा लोकरीचेच कपडे हवेत. पॉलिस्टर आगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. इथे काटकसर करू नये. ताणणाऱ्या कापडातला स्पँडेक्सही मला नको असतो. उष्णतेने आणि घामाने तो थकतो, आणि मग बाकीचं कापड धड असूनही पँट ढगळ लोंबायला लागते.

आता शिवण. दुकानात कपडा उलटा करून बघायला अजिबात संकोचू नका, कारण खरी पारख तिथेच होते. पायाच्या शिवणीवर बोट फिरवा. दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टिपा मारल्या असतील, तर आत मोकळी कड दिसतच नाही. ही शिवण सहसा उसवत नाही. नुसतं ओव्हरलॉक करून, म्हणजे मोकळ्या कडेवर दोऱ्याची गुंफण घालून, सोडलेलं असेल तर एक दोरा सुटला की पुढचा रस्ता मोकळा. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकं ताणा. टाक्यांमध्ये फटी दिसल्या तर ती पँट परत ठेवा. खिशाच्या तोंडाशी, चेनच्या खाली आणि पट्ट्याच्या लूपांवर दाट आडवी टीप आहे ना तेही बघा. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका मजुराची बायको नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागायला आली, तेव्हा त्याने ताण येणाऱ्या अशाच जागांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे चेपून बसवायचे छोटे खिळे, ठोकले. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याला त्याचं पेटंट मिळालं 1873 साली. कामाच्या पँटवर रिव्हेट आजही त्याच जागी असतात.

आसनाला जादा कळी, म्हणजे दोन्ही पायांच्या मध्ये शिवलेला वेगळा तुकडा, लावलेली पँट मिळाली तर जरूर घ्या. चार शिवणी एकाच बिंदूवर आल्या की बसताना सगळा ताण तिथेच पडतो. कळीमुळे तो वाटला जातो.

स्वस्ताईचं म्हणाल तर माझा सगळ्यात जास्त भरवसा वापरलेल्या कपड्यांवर आहे. कारखान्यांचे, सैन्याचे जुने गणवेश कामासाठीच शिवलेले असतात. शिवाय ते जेवढे आटायचे तेवढे आटून झालेले असतात. कोरं, प्रक्रिया न केलेलं डेनिम पहिल्या धुण्यांत 10 टक्क्यांपर्यंत आटू शकतं. जुनी पँट घेताना मांड्यांची आतली बाजू आणि बूड उजेडात धरायचं. तिथे विरलेली असेल तर फुकट मिळाली तरी नको.

मुलांसाठी भारी कपडे मी घेतच नाही. कपडा विरायच्या आत मूल वाढतं. त्यांच्या कपड्यांत मी फक्त खालची दुमड किती खोल आहे आणि शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलीय ते बघते. भरपूर असेल तर उसवून लांबी-रुंदी वाढवता येते, आणि मग तोच कपडा धाकट्याकडे जातो.

ठिगळ लावायला भोक पडायची वाट बघू नका. गुडघ्याचं कापड पातळ लागलं, रंग उडून उभे-आडवे धागे वेगळे दिसायला लागले, की लगेच आतून तुकडा लावा. तुकडा आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर आटून गुडघ्याला चुण्या पडतात. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो. तुकडा विरलेल्या भागापलीकडे दोन-तीन बोटं जायला हवा, म्हणजे टाके धड कापडात बसतात. कडेने उलटी टीप आणि मधल्या भागात धावदोऱ्याच्या रांगा घातल्या की तो गुडघा नव्यासारखा चालतो. तुकड्यांसाठी जुन्या पँटच्या पोटऱ्यांची मागची बाजू कापून ठेवावी. तिथलं कापड बहुधा शेवटपर्यंत धड राहतं.

धुण्याबद्दल थोडंच. वाळलेली माती आधी झटकून टाका, कारण मातीचे कण धाग्यांना आतून घासतात. कामाची पँट रोज धुवायची गरज नसते. रोज बदलायचे ते आतले कपडे आणि मोजे. जाड कपडे उलटे करून धुवा. वाळायलाही उलटेच घाला, आणि वाळले की लगेच काढा. कडक उन्हात दिवसेंदिवस राहिलेलं नायलॉन ठिसूळ होतं.